फिट आल्यावर होणाऱ्या या चुका टाळा

सांगलीच्या एसटी स्टँडवर किंवा मार्केट यार्डात कुणाला फिट आली, की भोवती लगेच कोंडाळं होतं. कुणी कांदा फोडतं, कुणी चप्पल नाकाला लावतं, कुणी चहाच्या गाड्यावरून चमचा घेऊन धावतं. मदत करायचीच असते सगळ्यांना, पण इजा होते ती याच धावपळीत.

यात सर्वांत घातक चमचा. मोठ्या फिटमध्ये, डॉक्टरांच्या भाषेत टॉनिक-क्लॉनिक झटक्यात, संपूर्ण मेंदूतल्या विजेच्या संदेशांचा एकाएकी गोंधळ उडतो. आधी अंग ताठ होतं, छातीतली हवा जोरात बाहेर पडताना किंकाळीसारखा आवाज येतो आणि माणूस कोसळतो. दहा-वीस सेकंदांनी हातपाय झटके देऊ लागतात. सहसा एक-दोन मिनिटांत ते आपोआप थांबतं. तेवढा वेळ जबडा असा आवळलेला असतो, की आत सारलेल्या चमच्यानं दात मोडतो आणि तो तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. जीभ कुणी गिळत नाही. ती कडेला चावली जाते, ती जखम भरून येते. तेव्हा दातखीळ उघडायला जाऊच नका. हातपायही दाबून धरू नका. त्यानं झटके थांबत नाहीत, खांदा मात्र निखळू शकतो.

डोक्याखाली घडी केलेला टॉवेल सरकवा, कॉलर सैल करा, जवळचे दगड, भांडी, पेटती चूल असेल ते बाजूला करा. झटके ओसरले की कुशीवर वळवा, लाळ बाहेर गळू द्या. आणि सुरुवातीपासून घड्याळ बघा. हे कुणीच करत नाही, आणि पुढचं सगळं त्यावरच ठरतं. पाच मिनिटं झाली तरी झटके चालूच असतील, शुद्ध येण्याआधी दुसरी फिट आली, बाई गरोदर असेल, किंवा फिट आयुष्यात पहिलीच असेल, तर थेट 108 ला फोन करा.

डोळे उघडले म्हणून लगेच पाणी पाजू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जाईल. पूर्ण भान यायला अर्धा तासही लागतो. कपड्यात लघवी झाली असेल तर अंगावर चादर टाका आणि बघ्यांना हटवा. शुद्धीवर येणाऱ्याला त्या नजरांचा फार त्रास होतो.

घरातली मोठी चूक म्हणजे गोळ्या मनानं बंद करणं. ‘वर्षभर फिट नाही, आता कशाला?’ म्हणून, उपवास म्हणून, नाहीतर देवऋषानं सांगितलं म्हणून. फिट थांबली ती गोळीमुळंच, आणि अचानक सोडली की लागोपाठ झटके येऊन जीवावर बेततं. मुलीचं लग्न ठरल्यावर गोळ्या लपवणारी घरंही आहेत. अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, असलेल्यांच्या विवाहाला हिंदू विवाह कायद्यात असलेली आडकाठी 1999 मध्येच काढून टाकली आहे. सासरी आधीच मोकळेपणानं सांगा. मूल हवं असेल तर त्याआधी डॉक्टरांना भेटा, कारण व्हॅल्प्रोएटसारखं फिटवरचं औषध गर्भाला अपाय करू शकतं. तिथंही गोळी बदलायची ती त्यांनीच.

जागरण टाळा. विहिरीत, कृष्णेत एकट्यानं उतरू नका, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत मोटरसायकलला हात लावू नका.

मिरजेला न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना ज्यानं फिट पाहिली त्याला सोबत न्या. रुग्णाला स्वतःला काही आठवत नसतं. दुसऱ्या कुणी मोबाईलवर झटक्याचा व्हिडिओ घेतला असेल तर तोही डॉक्टरांना दाखवा, निदानाला त्याची फार मदत होते.