वायरमन ते पीएलसी प्रोग्रामर : आयटीआय इलेक्ट्रिशियनसाठी ऑटोमेशनची वाट

चाकण, भोसरी, वाळूज किंवा अंबड यांसारख्या औद्योगिक वसाहतींत मेन्टेनन्सचे काम करणाऱ्या आयटीआय इलेक्ट्रिशियनचा पगार काही वर्षांनी एका जागी अडकतो. ओव्हरटाईम करता येतो, कंत्राटी नोकरीतून कायम होण्याची वाट पाहता येते. पण काम तेच राहिले तर मोबदलाही फारसा हलत नाही. त्याच कारखान्यात मशीन बंद पडल्यावर बाहेरून एक जण लॅपटॉप घेऊन येतो, पॅनेलचे दार उघडून केबल जोडतो, स्क्रीनवर काही वेळ पाहतो आणि कोणता सेन्सर सिग्नल देत नाही ते सांगतो. त्याच्या भेटीचे पैसे वेगळ्या हिशेबाने मोजले जातात, कारण मशीन उभे राहिल्याने होणारे नुकसान त्याच्या बिलापेक्षा मोठे असते. तो पीएलसीचा, म्हणजे मशीन क्रमाने चालवणाऱ्या औद्योगिक नियंत्रकाचा, प्रोग्राम वाचत असतो. हातातली नोकरी न सोडता त्या कामापर्यंत कसे जाता येईल, याचा विचार येथे केला आहे.

पीएलसी ही संगणकवाल्यांची गोष्ट आहे, हा समज आधी काढून टाकावा. 1968 मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने रिलेंनी (विजेवर चालणाऱ्या स्विचांनी) भरलेल्या पॅनेलांना पर्याय मागितला, कारण गाडीचे मॉडेल बदलले की त्या पॅनेलांचे वायरिंगही नव्याने करावे लागत असे. त्या मागणीतून ‘मोडिकॉन 084’ हा सुरुवातीचा पीएलसी तयार झाला. त्याची भाषा मुद्दाम रिलेच्या सर्किट ड्रॉइंगसारखी ठेवण्यात आली, जेणेकरून कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला ती पाहताक्षणी कळावी. तीच लॅडर भाषा. 1993 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आयईसी 61131-3 या आंतरराष्ट्रीय मानकात इतर भाषांबरोबर तिलाही स्थान मिळाले आणि आजही ती कारखान्यांत सर्वत्र दिसते. कॉन्टॅक्टर (मोटरचा पुरवठा जोडणारा-तोडणारा स्विच), टायमर, एनओ (एरवी सुटलेला) आणि एनसी (एरवी जुळलेला) कॉन्टॅक्ट आणि बटण सोडल्यावरही सर्किट चालू ठेवणारा होल्डिंग कॉन्टॅक्ट ज्याला हाताने माहीत आहेत, त्याचे अर्धे शिक्षण झालेलेच असते. उरलेले अर्धे मात्र सवयीने येत नाही, ते बसून शिकावे लागते.

सुरुवात स्टार-डेल्टा स्टार्टरपासून, म्हणजे मोटर आधी कमी व्होल्टेजच्या ‘स्टार’ जोडणीत सुरू करून मग ‘डेल्टा’ जोडणीत नेणाऱ्या सर्किटपासून, करावी, कारण ते सर्किट बहुतेक इलेक्ट्रिशियनांना तोंडपाठ असते. आधी कागदावर नेहमीचे कंट्रोल ड्रॉइंग काढावे. त्याखाली इनपुटची यादी करावी : स्टार्ट बटण, स्टॉप बटण, ओव्हरलोडचा कॉन्टॅक्ट. मग आउटपुटची : मेन, स्टार आणि डेल्टा हे तीन कॉन्टॅक्टर. प्रत्येकाला पत्ता, म्हणजे पीएलसीवरील जागेचा क्रमांक, द्यावा आणि त्यानंतरच लॅडर लिहायला घ्यावी. या यादीला कंटाळून थेट सॉफ्टवेअर उघडणारे पुढे स्वतःच्याच प्रोग्रामात हरवतात. साइटवरही काम इथूनच सुरू होते.

पहिली अडचण स्टॉप बटणावर येते आणि ती नेमकी अनुभवी इलेक्ट्रिशियनलाच येते. प्रत्यक्षात स्टॉप बटण एनसी असते आणि ते तसेच असले पाहिजे, कारण वायर तुटली तर मशीन थांबले पाहिजे. साहजिकच माणूस लॅडरमध्येही एनसीचे चिन्ह टाकतो, आणि स्टार्ट दाबूनही आउटपुट येत नाही. याचे कारण असे की, लॅडरमधले चिन्ह म्हणजे बटण नव्हे. ते फक्त त्या इनपुटवर आत्ता ‘1’ आहे की ‘0’ हे तपासते. बटण दाबलेले नसताना एनसी कॉन्टॅक्टमधून 24 व्होल्ट इनपुटपर्यंत पोहोचत असतात, म्हणजे तेथे ‘1’ असतो. त्यामुळे लॅडरमध्ये तेथे एनओचे चिन्ह लागते. बटण दाबले की ‘0’ होतो आणि ओळ तुटते. हा फरक एकदा कागदावर मांडून नीट समजून घेतला, तर पुढे सेन्सर आणि लिमिट स्विचच्या बाबतीत होणारा गोंधळ बराच टळतो.

दुसरा फरक अधिक खोल आहे. रिलेच्या पॅनेलमध्ये सगळ्या फांद्यांतून वीज एकाच वेळी वाहत असते. पीएलसी मात्र आधी सगळे इनपुट वाचतो, मग प्रोग्राम वरून खाली ओळीओळीने तपासतो आणि शेवटी आउटपुट बदलतो. ही फेरी साधारणतः काही मिलिसेकंदांत पूर्ण होते आणि सतत चालू राहते. म्हणून एकच आउटपुट कॉइल दोन ठिकाणी लिहिली, तर खालच्या ओळीचा निकाल टिकतो आणि वरची ओळ खरी असूनही कॉन्टॅक्टर ओढत नाही. वायरिंगमध्ये दोन मार्गांनी एकच कॉइल चालवण्याची सवय असलेल्यांना हा दोष लवकर सापडत नाही. अशा वेळी दोन्ही अटी समांतर घेऊन कॉइल एकदाच लिहावी.

स्टार-डेल्टामध्ये एका ठिकाणी मात्र इलेक्ट्रिशियनचे ज्ञान निव्वळ प्रोग्रामरच्या पुढे जाते. प्रोग्रामच्या दृष्टीने स्टार बंद आणि डेल्टा चालू हे लागोपाठचे काम आहे, पण खऱ्या कॉन्टॅक्टरला सुटायला पीएलसीच्या एका फेरीपेक्षा जास्त वेळ लागतो. मध्ये छोटा टायमर ठेवला नाही, तर स्टार पूर्ण सुटण्याआधी डेल्टा ओढतो आणि फेज आपसात शॉर्ट होतात. टायमर ठेवला तरी दोन्ही कॉन्टॅक्टरच्या सहायक एनसी कॉन्टॅक्टमधून एकमेकांच्या कॉइलला प्रत्यक्ष इंटरलॉक द्यावाच, कारण चिकटलेला कॉन्टॅक्टर प्रोग्रामला आपणहून दिसत नाही. इमर्जन्सी स्टॉपचेही तसेच आहे. तो केवळ प्रोग्रामवर सोडू नये. सेफ्टी रिलेसारख्या स्वतंत्र व्यवस्थेतून पुरवठाच तोडला गेला पाहिजे. मुलाखतीत हे नीट समजावून सांगणारा उमेदवार लक्षात राहतो.

सरावासाठी फार खर्च लागत नाही. विंडोज असलेला साधा लॅपटॉप पुरतो आणि तो जुना घेतला तरी चालतो. डेल्टा कंपनीचे डब्ल्यूपीएलसॉफ्ट आणि आयएसपीसॉफ्ट ही सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात आणि त्यांत सिम्युलेटरही आहे. कोडेसिस हे दुसरे विनामूल्य साधन आयईसी मानकाच्या सर्व भाषा शिकण्यासाठी चांगले आहे. सीमेन्सच्या टीआयए पोर्टलची चाचणी आवृत्ती 21 दिवस चालते, म्हणून ती हौसेने आधीच सुरू करू नये. लॅडरवर हात बसल्यावर, सलग रजा हाताशी असताना उघडावी. पेन ड्राइव्हवरून फिरणाऱ्या चोरीच्या आवृत्त्यांपासून दूर राहावे. त्यांतून येणारा व्हायरस पुढे ग्राहकाच्या मशीनपर्यंत गेला, तर निस्तरताना नोकरी जाते.

तरीही नुसत्या सिम्युलेटरवर थांबू नये. लहान पीएलसी, 24 व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठा), चार-सहा पुश बटणे, काही इंडिकेटर दिवे, जवळ आलेली वस्तू ओळखणारा एक प्रॉक्सिमिटी सेन्सर आणि हे सामान बसवायची पट्टी, म्हणजे डिन रेल, एवढ्या सामानावर घरच्या टेबलावर पुरेसे काम होते. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड येथे सुटे सामान मिळते. वापरलेला पीएलसी घेताना प्रोग्रामिंग केबल मिळते का आणि त्याचे सॉफ्टवेअर आजच्या विंडोजवर चालते का, हे आधी पाहावे. सेन्सर पीएनपी (आउटपुटवर प्लस देणारा) आहे की एनपीएन (मायनस देणारा) आणि पीएलसीचे इनपुट त्याला जुळते का, हा प्रश्न टेबलावरच सोडवलेला बरा.

एका ब्रँडवर हात बसेपर्यंत दुसऱ्याकडे वळू नये. डेल्टावर पक्का झालेला माणूस मित्सुबिशी किंवा सीमेन्स लवकर उचलतो. पाच ब्रँड वरवर पाहिलेला माणूस मुलाखतीतल्या दुसऱ्याच प्रश्नाला अडतो. लॅडर जमल्यावर ॲनालॉग, म्हणजे केवळ चालू-बंद नसून कमी-जास्त होणाऱ्या, सिग्नलकडे जावे. 0 ते 10 बार दाब मोजणारा ट्रान्समीटर 4 ते 20 मिलिअँपिअर देत असेल, तर 12 मिलिअँपिअर म्हणजे 5 बार. सीमेन्सच्या एस7-1200 मध्ये ही 4 ते 20 ची मर्यादा 0 ते 27648 या आकड्यांत दिसते, म्हणजे 5 बारला 13824. सिग्नल शून्यापासून सुरू न करता 4 पासून का करतात, याचे उत्तरही इलेक्ट्रिशियनला पटकन पटेल : तुटलेली वायर आणि शून्य दाब यांतला फरक कळावा म्हणून. त्यापाठोपाठ ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारे उपकरण), एचएमआय (ऑपरेटरचा स्क्रीन) आणि मॉडबस (उपकरणांच्या आपसातील संवादाची पद्धत) घ्यावे. आरएस-485 या दोन वायरींच्या संवादलाइनवर ड्राइव्ह बोलत नसेल, तर प्रोग्राम चाळण्याआधी दोन वायर उलट लागल्या आहेत का, दोन ड्राइव्हना एकच क्रमांक दिला आहे का, बॉड रेट (संवादाचा वेग) आणि पॅरिटी (चूक तपासण्याची सेटिंग) जुळते का आणि लाइनच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचे रेझिस्टर आहेत का, हे तपासावे. दोष बहुधा यांतच असतो.

सध्याचा कारखाना हीच सर्वांत चांगली प्रयोगशाळा आहे, मात्र तेथे शिस्त लागते. पॅनेलमध्ये दुमडून ठेवलेले ड्रॉइंग वाचावे. ब्रेकडाऊनच्या वेळी पीएलसीवरील इनपुटचे दिवे पाहून, कोणती अट पूर्ण होत नाही, हे बाहेरचा इंजिनिअर येण्याआधी स्वतःशी ठरवावे आणि नंतर त्याच्या निष्कर्षाशी पडताळावे. तो आल्यावर चहा आणायला न जाता शेजारी उभे राहावे. परवानगीशिवाय लॅपटॉप जोडू नये. परवानगी मिळाली तरी आधी चालू प्रोग्रामची प्रत घ्यावी आणि फक्त पाहावे. चालू मशीनवर आउटपुट ‘फोर्स’ करणे, म्हणजे प्रोग्राम डावलून ते लॅपटॉपवरून चालू-बंद करणे, हा प्रकार शिकाऊ माणसाने तर करूच नये, कारण सिलिंडर पुढे येतो तेव्हा समोर कोणाचा हात आहे हे स्क्रीनवर दिसत नाही.

कागदपत्रांचा प्रश्न टाळता येत नाही. बऱ्याच कंपन्यांच्या जाहिरातीत किमान डिप्लोमा मागितलेला असतो आणि चांगला हात असूनही अर्ज तेथेच थांबतो. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड उत्तीर्ण झालेल्यांना महाराष्ट्रात डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. ही प्रक्रिया तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत होते आणि अटी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत असतात. वय विशीच्या आसपास असेल आणि घर चालवण्याची पूर्ण जबाबदारी नसेल, तर ही दोन वर्षे द्यावीत असे माझे मत आहे. तिशीनंतर मात्र अल्पमुदतीचा अभ्यासक्रम आणि प्रत्यक्ष काम हा मार्ग अधिक व्यवहार्य ठरतो. छत्रपती संभाजीनगरातील इंडो-जर्मन टूल रूमसारख्या सरकारी संस्थेत काय चालू आहे, ते आधी पाहावे. खासगी क्लासच्या ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ या शब्दांवर पैसे भरू नयेत. एका पीएलसीवर किती विद्यार्थी बसतात, वायरिंग स्वतः करायला मिळते का आणि मुद्दाम बिघाड करून तो शोधायला लावतात का, हे तीन प्रश्न विचारावेत आणि एक तास वर्गात बसू द्यावे असे सांगावे. बसू देत नसतील तर दुसरा क्लास पाहावा.

इंग्रजीची धास्ती अनेकांना मागे ठेवते. येथे लागणारे इंग्रजी भाषणाचे नसून मॅन्युअलचे आहे आणि त्यातील शब्द मर्यादित असून पुन्हापुन्हा येतात. ड्राइव्हच्या मॅन्युअलमधील फॉल्ट कोडचे एक पान रोज वाचले आणि अडलेले शब्द वहीत उतरवले, तर काही महिन्यांत ते वाचन सोपे जाते. ई-मेलने चार ओळींचा कामाचा अहवाल पाठवण्याचा सरावही तेव्हाच करावा.

पहिली नोकरी मोठ्या कंपनीत शोधण्यापेक्षा पॅनेल बनवणाऱ्या किंवा ऑटोमेशनची कामे घेणाऱ्या लहान फर्ममध्ये शोधावी. तेथे पॅनेल वायरिंग आणि टेस्टिंगसाठी तुमचे जुने कौशल्य लगेच उपयोगी पडते, आणि कमिशनिंगला (ग्राहकाकडे मशीन पहिल्यांदा चालू करण्याच्या कामाला) माणूस कमी पडला की साइटवर जाण्याची संधी मिळते. अर्जासोबत स्टार-डेल्टा, कन्व्हेयर आणि टाकीच्या पातळीचे नियंत्रण असे स्वतः केलेले तीन प्रोग्राम, त्यांची इनपुट-आउटपुट यादी आणि ड्रॉइंग न्यावे. सुरुवातीचा पगार सध्याच्या ओव्हरटाईमसह मिळणाऱ्या रकमेपेक्षा कमी असू शकतो, म्हणून काही महिन्यांचा घरखर्च आधी बाजूला ठेवावा आणि हा निर्णय घरच्यांशी बोलूनच घ्यावा. साइटवर रविवार आणि सण जातात, कारण मशीन कारखाना बंद असतानाच मिळते. प्रवासभत्ता, राहण्याची सोय आणि नोकरी सोडण्याबाबतचा बाँड यांविषयी रुजू होण्यापूर्वी स्पष्ट विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्याची अट असेल तर ती नाकारावी. दोन-तीन प्रकल्प सुरुवातीपासून मशीन ग्राहकाच्या ताब्यात देईपर्यंत स्वतः पूर्ण केले, की पुढच्या पगाराची बोलणी त्या प्रकल्पांच्या आधारावर करता येतात.