कॉम्प्युटरवरचा बेस आणि ट्रेबल: इक्वलायझरला हात लावण्याआधी या चुका टाळा

"आवाजात दम नाही रे, जरा बघ ना" असा फोन आला की मी आधी एकच विचारतो, इक्वलायझरच्या, म्हणजे आवाजाचा खालचा, मधला, वरचा भाग वेगवेगळा कमी-जास्त करायच्या सोयीच्या, पट्ट्या कुठे आहेत? उत्तर बहुतेक ठरलेलं. डावीकडच्या छताला, उजवीकडच्या छताला, मधल्या जमिनीला. म्हणजे बेस (खालचे, घुमणारे सूर) फुल, ट्रेबल (वरचे, किणकिणणारे सूर) फुल, आणि ज्या भागात माणसाचा आवाज असतो तो बसवलेला तळाला. मग तक्रार काय, तर शब्द कळत नाहीत!

पट्ट्या वर ढकलणं

डिजिटल आवाजाला वरची एक मर्यादा असते. आजकालची गाणी मुळातच तिला टेकलेली येतात. त्यावर बेस १२ डेसिबलने वाढवला की त्या भागातली लाट चौपट उंच व्हायला बघते. वर जागाच नसते. मग एकतर लाटेचा माथा कापला जातो, म्हणजे आवाज फाटतो, नाहीतर विंडोज सगळंच गाणं दाबून त्यात बसवतं. ढोलाचा ठोका पडला की गाणाऱ्याचा आवाज दर वेळी आत जातो, तो यामुळे. शिवाय १२ डेसिबल म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडे तेवढ्या भागासाठी १६ पट पॉवर मागणं. हजार-दीड हजाराच्या स्पीकरने ती आणायची कुठून?

मी उलटं करतो. हवं ते वाढवत नाही, नको ते कमी करतो. बेस कमी वाटतोय? मग मधलं आणि वरचं दोन-तीन डेसिबल खाली आणा आणि स्पीकरचा नॉब थोडा फिरवा. वाढवल्याशिवाय चैनच पडत नसेल, तर सगळा आवाज एकत्र कमी-जास्त करणारा प्रीअ‍ॅम्प तेवढाच खाली घ्या. बेस +६, तर प्रीअ‍ॅम्प −६. विंडोजवरच्या 'इक्वलायझर एपीओ' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे, व्हीएलसी प्लेअरमध्येही आहे. यावर हमखास येणारी तक्रार, "पण आवाज कमी झाला." अहो, मग नॉब कशाला दिलाय?

याचंच भावंड म्हणजे चार ठिकाणी बेस वाढवणं. विंडोजच्या एन्हान्समेंट्समध्ये बेस बूस्ट, साउंड कार्डच्या पॅनेलमध्ये 'रॉक' हे तयार सेटिंग, प्लेअरमध्ये आणखी काही, आणि सबवूफरचा नॉब तर शेवटपर्यंत फिरवलेलाच. घरातल्या चौघांनी न विचारता एकाच चहात साखर टाकावी, तसा प्रकार. कोणाकडेही गेलो की मी पहिल्यांदा हे सगळं बंद करतो. सेटिंग्ज, सिस्टीम, साउंड, तिथे आपला स्पीकर निवडायचा आणि ऑडिओ एन्हान्समेंट्स 'ऑफ'. मग निदान दोन गाणी तशीच ऐकायची. इथे नव्या मंडळींचा धीर सुटतो. दहा सेकंदांत "मजा नाही येत" म्हणून हात परत माउसकडे. भरमसाट बेसची सवय झालेल्या कानाला सरळ आवाज आधी फिकाच लागतो, त्याला थोडा वेळ द्या.

वायर उलटी जोडणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती दिसत नाही आणि लोक तिच्यावर उपाय म्हणून वरच्या सगळ्या चुका करतात.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी जुन्या म्युझिक सिस्टीमचा अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन मोठे खोके कॉम्प्युटरला जोडून घेतले होते. कल्पना उत्तम. पण डग्गा ऐकूच येईना. चाट, कडकड, टाळ्या सगळं स्वच्छ, आणि खालचा घुमारा गायब. भाच्याने बेस पूर्ण वाढवून दिला, मग आणखी एक सॉफ्टवेअर टाकलं, मग "खोके गेलेत, नवे घ्या" असं जाहीर केलं. दुकानदाराने तर नव्या साउंड कार्डाची किंमतही सांगून टाकली.

मी सगळं बंद करून मोनो ऑडिओ चालू केला. विंडोज ११ मध्ये तो अ‍ॅक्सेसिबिलिटीखालच्या ऑडिओमध्ये सापडतो. मोनोत दोन्ही स्पीकरना एकच आवाज जातो, त्यामुळे बरोबर मध्ये बसलं की गायक समोर मधोमध उभा वाटायला हवा. इथे गायक कुठेच नव्हता. आवाज खोलीभर पसरलेला, डोक्याच्या दोन्ही बाजूंना, मध्ये पोकळी. मी डावा खोका उचलून उजव्याच्या तोंडाशी तोंड लावून धरला, तर राहिलासाहिला बेसही गेला. खोका फिरवून मागे पाहिलं. वायर सोफ्यामागून आणायला कोणीतरी मध्ये जोड दिला होता, वर काळी टेप. टेप सोडवली तर पांढरी रेघ असलेली तार बिनरेघेच्या तारेला पिळलेली. म्हणजे एका खोक्याचा पडदा पुढे येतोय तेव्हा दुसऱ्याचा मागे जातोय. खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकणारच. तारा अदलाबदल करून टेप लावली, आणि डग्गा असा घुमला की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. बेसच्या पट्ट्या शून्यावर होत्या!

तारा बदलायच्या त्या फक्त एकाच स्पीकरच्या. दोन्हीकडच्या बदलून "काही फरक नाही पडला" म्हणणारेही भेटलेत.

ट्रेबल म्हणजे स्पष्टपणा नव्हे

शब्द स्पष्ट ऐकू यावेत म्हणून लोक ट्रेबल वाढवतात. सूर किती वरचा ते हर्ट्झमध्ये मोजतात, किलोहर्ट्झ म्हणजे हजार हर्ट्झ. शब्दांचा स्पष्टपणा मुख्यतः २ ते ४ किलोहर्ट्‌झच्या आसपास असतो, शेवटच्या पट्टीवर नाही. १९२५च्या सुमाराला विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं. त्याआधी भोंग्यात गाऊन भरलेल्या तबकड्यांत ५ किलोहर्ट्‌झच्या वर गाणं जवळपास नाहीच, आहे ती खरखर. तिथे ट्रेबल वाढवला की खरखरच वाढते. अशा गाण्यांना मी वरचा भाग बिनधास्त कापतो आणि ३ किलोहर्ट्‌झला दोन डेसिबल देतो, बस. आणि स्पीकर कानाकडे वळवा. टेबलावर आडवा टाकलेला स्पीकर तुमच्या पोटाला ट्रेबल ऐकवत असतो.

लॅपटॉपकडून बेसची अपेक्षा

बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्‌झची. लॅपटॉपचे बहुतेक स्पीकर २०० हर्ट्‌झच्या खाली हातच टेकतात. पट्टी कितीही वर करा, पडदा थरथरेल, आवाज फाटेल, बेस येणार नाही. हेडफोन घ्या.

रात्री सेटिंग, दिवसा दणदणाट

हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये याचे आलेखच छापले. जुन्या डेकवर 'लाउडनेस' बटण असायचं ते यासाठीच. म्हणून ज्या व्हॉल्यूमला रोज ऐकता, त्याच व्हॉल्यूमला बेस ठरवा. रात्री हळू आवाजात "छान बसला" म्हणून ठेवलेला बेस रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्यांना वर घेऊन येतो.

उरलेल्या किरकोळ, पण रोजच्या

सबवूफर कोपऱ्यात कोंबू नका. तिथे बेस वाढतो खरा, पण प्रत्येक गाण्यात तोच एक सूर घुमत राहतो. हातभर पुढे ओढा.

पिन हिरव्या भोकात. गुलाबी माइकचं आहे.

व्हीएलसीत व्हॉल्यूम १०० च्या वर नेऊ नका.

विंडोजच्या एन्हान्समेंट्समधलं 'लाउडनेस इक्वलायझेशन' सिनेमातल्या पुटपुटणाऱ्या संवादांना ठीक, गाण्यांना नको. सगळं एकाच पातळीवर येतं.

कॉल आला की गाणं बारीक होतं? मोअर साउंड सेटिंग्जमधल्या कम्युनिकेशन्स टॅबवर 'डू नथिंग' निवडा.

ब्लूटूथ हेडफोन मीटिंगमध्ये अचानक जुन्या टेलिफोनसारखा वाजतो, त्याला इक्वलायझर काही करू शकत नाही. हेडफोनचा माइक चालू झाला की ब्लूटूथ बोलण्यापुरत्या हलक्या दर्जावर उतरतं. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच निवडा, लगेच सुधारतं.

आणि काहीही न वाजवता बारीक गुणगुण येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली, तर दोष बेसचा नाही, बहुतेक अर्थिंगचा आहे. इलेक्ट्रिशियनला बोलवा.