दापोलीत खोली घेण्याआधी
दापोलीच्या कृषी विद्यापीठात एमएस्सीला येताय आणि वसतिगृह मिळालं नाही? मग खोली शक्यतो भर पावसात बघा. जिथे पलंग लावणार त्या भिंतीवर तळहात टेकवा; गार, ओलसर लागली तर तिथे ना कपडे वाळणार, ना प्रबंधाचे कागद टिकणार. भाडं थोडं कमी म्हणून लांबच्या वाडीत जाऊ नका. प्रयोगशाळेतून निघायला उशीर होतोच, आणि शेवटची एसटी कुणासाठी थांबत नाही. तिची वेळ स्टँडवर जाऊन स्वतः विचारा. रोज एसटीनेच येणार असाल तर विद्यार्थी पास काढा, ६६.६७ टक्के सवलत मिळते. दापोलीला रेल्वे नाही. गावी जायला खेड स्टेशन गाठायचं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, ते बघूनच तिकीट काढा.