डायनरचा चीजबर्गर घरच्या बिडाच्या तव्यावर

अमेरिकेतल्या जुन्या डायनरच्या, म्हणजे साध्या, स्वस्त खाणावळीच्या, चीजबर्गरमध्ये सामान मोजकंच असतं. गोमांसाचा खिमा, मीठ, पिवळ्या चीजचा स्लाइस, मऊ बन, कांदा आणि व्हिनेगरमध्ये मुरलेल्या काकडीच्या दोन-तीन चकत्या. एवढ्यावर तिथली चव येते आणि घरी येत नाही, म्हणून लोक खिम्यात आलं-लसूण घालतात, अंडं घालतात, ब्रेडचा चुरा घालतात. मग हातात येतो तो बन-कटलेट. खरा फरक तीन ठिकाणी असतो: खिम्यातली चरबी, तव्याचा ताप आणि बनला मिळणारी वाफ. ही तीन जमली की बाकीचं सगळं दहा मिनिटांचं काम आहे.

खिमा

अमेरिकेत राहणाऱ्यांनी ‘ग्राउंड चक’ लिहिलेला, ८०/२० आकड्याचा पुडा घ्यावा. चक म्हणजे खांद्याचं मांस, आणि आकडा म्हणजे ८० टक्के मांस, २० टक्के चरबी. तब्येतीच्या काळजीने ९३/७ घेतला तर पॅटी कोरडी आणि भुसभुशीत होते. त्यापेक्षा ८०/२० चा लहान बर्गर करून खावा. भाजताना चरबी वितळते, तव्यावर पसरते आणि मांस तिच्यातच तळून निघतं. डायनरच्या बर्गरची कड जाळीदार, कुरकुरीत होते ती यामुळे.

महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, वळू आणि बैल यांच्या मांसावर बंदी आहे. म्हशीचं मांस मिळतं, आणि पद्धत तीच चालते. मात्र ते बरंच कमी चरबीचं असतं. ४०० ग्रॅम मांसाला ९० ते १०० ग्रॅम चरबी खाटकाकडूनच त्यात दळून घ्यावी. बोकडाच्या मटणालाही हेच प्रमाण. मटणाची चरबी लवकर थिजते आणि टाळूला चिकटते, त्यामुळे तो बर्गर तव्यावरून थेट ताटात यायला हवा. अमेरिकेत ज्यांना गोमांस नको, त्यांना लॅम्बचा खिमा सोयीचा. त्यात चरबी आधीच पुरेशी असते. चिकनच्या खिम्याने मात्र ही कड येत नाही, त्याच्या वाटेला न गेलेलं बरं.

एक सवय इथे मोडावी लागते. आपल्याकडे खिमा धुऊन, पिळून वापरतात. बर्गरचा खिमा धुवायचा नाही. धुतलेल्या खिम्यात पाणी राहतं, तव्यावर आधी ते उकळतं आणि मांस भाजायच्या ऐवजी करडं शिजतं. स्वच्छतेची शंका असेल तर मांसाचा अखंड तुकडा धुवावा, कापडाने अगदी कोरडा पुसावा आणि मग दळावा. घरी दळताना दोन सेंटिमीटरचे तुकडे करून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवावेत, कडा ताठ झाल्या की मिक्सरमध्ये थांबत थांबत आठ-दहा झटके द्यावेत. एका वेळी पाव किलोपेक्षा जास्त नको. मांस गरम झालं की चरबी कणांच्या रूपात न राहता लेपासारखी पसरते, आणि पॅटी रबरी लागते.

खिम्यात मीठ कालवायचं नाही, ही सर्वांत महत्त्वाची सूचना. मिठाने मांसातलं मायोसिन नावाचं प्रथिन सुटतं आणि कण एकमेकांना घट्ट चिकटतात. सॉसेजला किंवा सीख कबाबला तो गुण हवाच असतो. बर्गर मात्र दाताखाली सुटा व्हायला हवा. मीठ लावायचं ते फक्त वरून, आणि तेही पॅटी तव्यावर गेल्यावर.

चीज

चांगलं, मुरलेलं चेडर आणलं की बर्गर चांगला होईल असं वाटणं स्वाभाविक आहे. पण मुरलेलं चेडर तापलं की फुटतं. तेल वेगळं होतं आणि खाली चिवट गोळा उरतो. अमेरिकन स्लाइसचं चीज प्रक्रिया केलेलं असतं. त्यात सोडियम सायट्रेटसारखे क्षार असतात, त्यांच्यामुळे चीजमधलं प्रथिन, चरबी आणि पाणी एकजीव राहतं आणि स्लाइस वितळून पॅटीच्या प्रत्येक खाचेत उतरतो. जेम्स क्राफ्टने अशा चीजचं पेटंट १९१६ मध्ये घेतलं. भारतात चीज स्लाइस म्हणून मिळतात तेही याच जातीचे, ते बिनधास्त वापरावेत. चेडरची चव हवीच असेल तर खाली प्रोसेस्ड स्लाइस आणि त्यावर चमचाभर किसलेलं चेडर.

चार डबल चीजबर्गरांसाठी

खिमा ४८० ग्रॅम, चीजचे आठ स्लाइस, ९ ते १० सेंटिमीटरचे चार मऊ बन, लोणी, मीठ, मिरपूड. अमेरिकेत बटाट्याचे बन, म्हणजे पोटॅटो रोल, घ्यावेत. भारतात बेकरीचा फार गोड बन टाळावा. लादीपाव चौकोनी असला तरी मऊपणाला अगदी योग्य आहे. त्यासाठी पॅटी लहान, ४५ ग्रॅमची करावी.

सॉस आधी करून ठेवावा: ६० ग्रॅम मेयोनीज, २५ ग्रॅम केचप, २० ग्रॅम बारीक चिरलेली व्हिनेगरमधली काकडी, अर्धा चमचा व्हिनेगर. काकडी गोड जातीची नसेल तर चिमूटभर साखर. केचप गोड असेल तर तीही नको. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवला की चवी जुळतात.

खिम्याचे ६० ग्रॅमचे आठ गोळे करावेत, वजनकाट्यावर. लाडू वळतो तसे घट्ट वळायचे नाहीत. नुसते सुटणार नाहीत इतपत गोळा करून तव्यावर जाईपर्यंत फ्रीजमध्ये ठेवावेत. गोळा थंड असला तर चाळीस सेकंद तरी चरबी वितळत नाही, आणि तेवढा अवधी लागतोच.

तवा बिडाचा किंवा जाड लोखंडी हवा, सपाट. पोळीचा खोलगट तवा चालत नाही, सगळी चरबी मधे जमते. नॉनस्टिक तर मुळीच नको. एवढा ताप त्या लेपाला सोसत नाही, आणि इथे मांस तव्याला चिकटणं आवश्यक आहे. चिकटतं तिथेच खरपूस थर तयार होतो.

मध्यम आचेवर बनच्या आतल्या बाजूला लोणी लावून तो सोनेरी होईपर्यंत, म्हणजे पाऊण ते एक मिनिट, भाजून बाजूला ठेवावा. हा भाजलेला थर रस अडवतो. न भाजलेला बन पहिल्या दोन घासांत लगदा होतो. मग तवा पुसावा आणि मोठ्या आचेवर पाच-सात मिनिटं तापवावा. पाण्याचा थेंब टाकला तर तो गोळी होऊन धावला पाहिजे. नुसता चुर्र करून पसरला तर तवा अजून थंड आहे. तापमापक असेल तर २२० ते २४० अंश सेल्सिअस. एक्झॉस्ट आधीच चालू करावा, धूर बराच होतो.

दोन गोळे तव्यावर, मधे भरपूर अंतर. प्रत्येकावर बटर पेपरचा तुकडा ठेवून रुंद, ताठ उलथण्याने दाबायचं. एका उलथण्याने जोर पुरत नसेल तर त्यावर दुसरं आडवं ठेवून दोन्ही हातांनी. दहा सेकंद दाब राहू द्यावा. पॅटी ११ सेंटिमीटर पसरली पाहिजे, बनच्या थोडी बाहेर, कारण ती आक्रसते. कागद ओढून काढावा आणि लगेच मीठ, मिरपूड.

दाबायचं ते पहिल्या अर्ध्या मिनिटातच. तेव्हा चरबी घट्ट असते, त्यामुळे काही वाहून जात नाही आणि मांसाचा पूर्ण पृष्ठभाग लोखंडाला टेकतो. उलटल्यावर दाबलं तर वितळलेली चरबी आणि रस दोन्ही तव्यावर सांडतात. बर्गर कोरडा झाल्याच्या तक्रारीमागे बहुतेक वेळा हा दुसरा दाब असतो.

७५ ते ९० सेकंदांत कडा तपकिरी होतात आणि वर लालसर रसाचे थेंब दिसतात. आता उलथण्याची धार तव्याला टेकवून, जवळजवळ झोपवून, जोरात खरवडत पॅटी सोडवावी. काळ्याकडे झुकणारा तपकिरी थर पॅटीबरोबर यायला हवा. तो तव्यावर राहिला तर चवीचा मोठा भाग तिथेच गेला. रंगकामाचं पत्र्याचं खरवडणं नवीन आणून वापरलं तर हे काम फार सोपं होतं. पॅटी उलटली की लगेच स्लाइस. तीस-चाळीस सेकंदांनी एकीवर दुसरी रचून थेट बनवर.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सूचनेप्रमाणे गोमांसाचा खिमा आतून ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजायला हवा. पाच-सहा मिलिमीटरची पॅटी एवढ्या वेळात तिथे पोचते. जाड पॅटी करत असाल तर तापमापक टोचून पाहावाच.

दोन गोळ्यांनंतर तवा खरवडून घ्यावा आणि मिनिटभर परत तापू द्यावा. चार गोळे एकदम टाकले तर तव्याचा ताप उतरतो, पाणी सुटतं आणि सगळ्या पॅट्या करड्या होतात.

ओक्लाहोमाचा कांद्याचा बर्गर

याला थोडा जास्त वेळ द्यावा, कारण कांदा ज्यांच्या घरात रोज चिरला जातो त्यांना हा बर्गर सर्वांत जवळचा वाटेल. ओक्लाहोमा सिटीच्या पश्चिमेला एल रीनो नावाचं रेल्वेचं गाव आहे. १९२० च्या दशकात, रेल्वे कामगारांच्या १९२२ च्या संपानंतरच्या तंगीत, मांस महाग आणि कांदा स्वस्त होता. थोड्या खिम्यात भरपूर कांदा दाबून पॅटी मोठी करण्याची युक्ती तिथे रुळली. रॉबर्ट्स ग्रिल हे तिथलं दुकान १९२६ पासूनचं. मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी गाव या बर्गरचा उत्सव करतं.

७५ ग्रॅमच्या गोळ्याला ५० ते ६० ग्रॅम कांदा. कांदा उभा, दीड मिलिमीटरपेक्षा पातळ. विळीवर किंवा चकत्यांच्या किसणीवर करावा. जाड कांदा आतून कच्चा राहतो आणि बाहेरून करपतो. आपला लाल कांदा तिखट आणि पाणीदार असतो, म्हणून चिमूटभर मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवावा आणि मुठीत घट्ट पिळावा. अमेरिकेतल्या पिवळ्या कांद्याला पिळण्याची तितकी गरज नसते.

इथे आच मध्यमच्या थोडी वर, मोठी नाही. कांद्यातली साखर लवकर जळते. गोळा तव्यावर ठेवावा, त्यावर कांद्याचा ढीग, आणि उलथण्याने दोन्ही एकत्र दाबावं, म्हणजे कांद्याच्या फोडी मांसात रुततात. वरून मीठ. अडीच मिनिटांनी खरवडून उलटावं. आता कांदा खाली, चरबीत तळला जातोय. वर चीज, चीजवर बनचा खालचा भाग, त्यावर वरचा भाग टोपीसारखा. दीड-दोन मिनिटं तसंच ठेवावं. कांद्याची वाफ वर जाते आणि बन मऊ होतो; तोच कांद्याचा वास बनला लागतो. इथे बन आधी भाजायचा नाही, नाहीतर वाफ आत शिरत नाही. टोपी बाजूला काढून, उलथणं खाली घालून बाकीचं सगळं एकदम उचलावं आणि ताटात पालथं करावं, म्हणजे बनचा खालचा भाग तळाशी येतो. आत मोहरीचं सॉस आणि काकडीच्या चकत्या, वर टोपी, एवढंच. सॅलडची पानं, टोमॅटो यांची इथे गरज नाही.

व्हाइट कासल या १९२१ मध्ये कॅन्ससमधल्या विचिटा इथे सुरू झालेल्या साखळीचे छोटे चौकोनी बर्गरही वाफेवरचेच. तिथे पॅटी कांद्याच्या थरावर ठेवतात आणि उलटतच नाहीत. पॅटीला पाच भोकं असतात, त्यांतून वाफ वर येते. लादीपावात हा प्रकार झकास बसतो.

आणखी दोन तऱ्हा

कॅलिफोर्नियात बाल्डविन पार्क इथे १९४८ मध्ये सुरू झालेल्या इन-एन-आउट या बर्गर साखळीच्या ‘ॲनिमल स्टाइल’ बर्गरची नक्कल वरच्याच डबल बर्गरमध्ये होते. पॅटी उलटण्याआधी तिच्या कच्च्या बाजूला चमचाभर पिवळा मोहरीचा सॉस फासायचा, म्हणजे तो तव्यावर भाजतो आणि त्याची आंबट धार मऊ होते. दोन कांदे बारीक चिरून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, तळाला लागले की चमचाभर पाणी घालत, गडद तपकिरी करायचे. रचना खालून वर अशी: बन, आधी सांगितलेला मेयोनीजचा सॉस, काकडी, टोमॅटो, कुरकुरीत लेट्यूस, चीज वितळलेली पॅटी, तपकिरी कांदा, दुसरी पॅटी, बन. पाला मांसाच्या खाली असल्याने रस थेट बनवर उतरत नाही.

मिनियापोलिसच्या मॅट्स बारमध्ये १९५४ पासून ‘जूसी लूसी’ मिळतो, त्यात चीज पॅटीच्या पोटात असतं. ९० ग्रॅमच्या दोन पातळ चकत्या, मधे एका स्लाइसचे चार तुकडे, आणि करंजीसारख्या बंद केलेल्या कडा. दीड सेंटिमीटरची कड मोकळी ठेवली नाही तर चीज फुटून तव्यावर येतं. मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी चार ते पाच मिनिटं. उलटल्यावर सुरीच्या टोकाने एक बारीक भोक पाडावं, वाफ निघून जाते. वाढल्यावर तीन मिनिटं थांबावं. आतलं चीज उकळतं असतं, जीभ भाजते.

पातळ पॅटीच्या बर्गरला मात्र एवढं थांबवायचं नाही. रचून झाला की बटर पेपरमध्ये घट्ट गुंडाळून एक मिनिट ठेवावा, म्हणजे बन आतल्या वाफेने सैलावतो आणि चीज सगळं धरून ठेवतं. मग कागद अर्धाच सोलून खावा.