ओरेगॉन ट्रेल: तंबूसह मोटारप्रवासाची आखणी

अमेरिकेत मिझुरीतील इंडिपेन्डन्स ते ओरेगॉन सिटी हा ओरेगॉन ट्रेलचा मार्ग सुमारे ३,५०० किलोमीटरचा आहे. १८४३ पासून हजारो कुटुंबे बैलगाड्यांनी याच वाटेने पश्चिमेकडे गेली. दिवसाला जेमतेम चोवीस किलोमीटर जाणाऱ्या त्या तांड्यांना चार ते सहा महिने लागत. मोटारीने तेच अंतर आठवड्याभरात संपते, आणि आखणी बिघडते ती इथेच. सगळा मार्ग सारख्या वेगाने कापण्यापेक्षा नेब्रास्काच्या पश्चिम भागापासून वायोमिंगमधील साउथ पास या खिंडीपर्यंतच्या टप्प्याला निम्मे दिवस द्यावेत, कारण जुन्या वाटेच्या खुणा तिथे सर्वांत ठळकपणे टिकून आहेत. कॅन्सस आणि पूर्व नेब्रास्का एक-दोन दिवसांत पार केले तरी फारसे काही हुकत नाही.

राष्ट्रीय उद्यान सेवेने प्रसिद्ध केलेल्या राज्यवार मार्गदर्शक पुस्तिका आधी मिळवाव्यात. मोटारीने कुठे वळायचे आणि काय पाहायचे हे त्यांत नेमके दिलेले आहे. रस्त्याकडेचे ट्रेलचे फलक उपयोगी असले तरी केवळ त्यांच्यावर विसंबू नये.

नेब्रास्कातील ओगालालापासून यूएस २६ हा महामार्ग धरल्यास अ‍ॅश हॉलो लागते, जिथल्या विंडलास हिलवरून चाके जखडून गाड्या उतरवल्या जात. पुढे चिम्नी रॉक हा सुळका आणि स्कॉट्स ब्लफ हा कडा येतो. स्कॉट्स ब्लफ राष्ट्रीय स्मारकात तंबू ठोकता येत नाही, त्यामुळे मुक्काम आसपासच्या कॅम्पग्राउंडवर ठरवावा. या पट्ट्यात रॅटलस्नेक हे विषारी साप असतात, म्हणून पायवाट सोडू नये. वायोमिंगमध्ये फोर्ट लॅरामीनंतर गर्न्झी गाव येते. गर्न्झी स्टेट पार्कमध्ये किमान दोन रात्री राहावे. गावाजवळच्या मऊ वालुकाश्मात गाड्यांच्या चाकांनी कोरलेल्या चाकोऱ्या काही ठिकाणी दीड मीटर खोल आहेत. त्यांत उतरून उभे राहिले की दगडी कडा छातीपर्यंत येते आणि इतक्या अरुंद जागेतून गाड्या एकामागून एकच जाऊ शकत होत्या हे लगेच पटते. जवळच्या रजिस्टर क्लिफवर प्रवाशांनी कोरलेली नावे वाचावीत, मात्र त्यांत आपले नाव घालू नये. जुन्या चाकोऱ्यांवरून मोटार चालवणे आणि सरकारी जमिनीवरून जुन्या वस्तू उचलणे, दोन्ही टाळावे. असे अवशेष कायद्याने संरक्षित आहेत.

वायोमिंगमधल्याच कॅस्पर शहरानंतर खरी तयारी लागते. इंडिपेन्डन्स रॉक, मडी गॅप, जेफ्री सिटी या बाजूला वस्ती विरळ आहे आणि मोबाईलला रेंज अनेकदा मिळत नाही; म्हणून कॅस्परला टाकी पूर्ण भरावी, माणशी दिवसाला किमान चार लिटर पाणी बरोबर घ्यावे आणि नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावेत. तांडे चार जुलैच्या सुमारास इंडिपेन्डन्स रॉकला पोचण्याचा प्रयत्न करीत, कारण त्याहून उशीर झाला तर पुढच्या डोंगरांत बर्फ गाठण्याची भीती असे. साउथ पास सुमारे २,२५० मीटर उंचीवर असला तरी चढ इतका मंद आहे की खिंड ओलांडल्याचे कळतही नाही. रात्री मात्र उन्हाळ्यातही गारठा जाणवतो, तेव्हा झोपण्याची पिशवी त्या हिशेबाने निवडावी.

तंबूच्या जागांचे आरक्षण, विशेषतः जुलै-ऑगस्टसाठी, काही महिने आधीच करावे. आयडाहोतील थ्री आयलंड क्रॉसिंग आणि ओरेगॉनमधील फेअरवेल बेंड या दोन उद्यानांना माझी पसंती आहे, कारण दोन्ही स्नेक नदीकाठी, तांड्यांच्या वाटेवरच आहेत. कोरड्या मोसमात शेकोटीवर बंदी येऊ शकते, त्यामुळे स्वयंपाकासाठी गॅसची शेगडी हवीच, आणि तीही चालते की नाही हे त्या दिवशी विचारून घ्यावे.

ओरेगॉनमध्ये कोलंबिया नदीकाठच्या द डॅल्स गावाला पोचल्यावर दोन पर्याय उरतात. १८४६ पूर्वी बहुतेक गाड्या तिथून तराफ्यांवर चढवून कोलंबिया नदीतून नेल्या जात. त्या वर्षी माउंट हूडला वळसा घालणारा, टोल घेणारा बार्लो रोड खुला झाला. आज नदीकाठचा आय-८४ महामार्ग सोपा आणि वेगवान आहे, तरीही एक दिवस जास्त असेल तर हूडकडून जावे. तिथल्या लॉरेल हिलवर गाड्या झाडांना दोर बांधून खाली सोडल्या जात, आणि त्या उताराचा काही भाग छोट्या पायवाटेने पाहता येतो. तिथून ओरेगॉन सिटी सहज त्याच दिवशी गाठता येते.