ऑटोकॅडमध्ये उजवा हात माउसवरच राहू द्या

ऑटोकॅड या आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये कमांड छोट्या नावांनी देता येतात, पण मूव्हचा एम, ऑफसेटचा ओ, लाइनचा एल ही सगळी अक्षरं कीबोर्डच्या उजव्या बाजूला. त्यामुळे दर वेळी माउस सोडावा लागतो किंवा डावा हात पार पलीकडे न्यावा लागतो. रोजच्या पाच-सहा कमांड डाव्या हाताखाली आणल्या की काम बरंच हलकं होतं.

१. मॅनेज टॅबमध्ये 'एडिट अलायसेस' दाबा. कमांडची छोटी नावं जिच्यात असतात ती पीजीपी फाइल नोटपॅडमध्ये उघडेल.
२. अगदी तळाशी जा. तिथे आधी छोटं नाव, मग स्वल्पविराम, मग तारांकन आणि त्याला चिकटून पूर्ण कमांड लिहा (अर्थात रोमन अक्षरांत). उदाहरणार्थ, मूव्हसाठी व्हीव्ही, कॉपीसाठी सीसी. मूळ ओळींना हात लावायची गरज नाही. एकच नाव दोनदा आलं तर शेवटचं चालतं.
३. सेव्ह करा, 'रीइनिट' कमांड द्या, पीजीपी फाइलवर टिक करून ओके. ऑटोकॅड बंद करावं लागत नाही.

एकच अक्षर दोनदा दाबणं सर्वांत सोपं, पण नाव आधी फाइलमध्ये शोधून बघा: एए हे आधीच एरिया कमांडचं आहे.

फाइलची एक प्रत वेगळी ठेवा. सेटिंग्ज रीसेट केल्या तर या ओळी जातात.