उसण की पित्ताशय? पाठीतली कळ कशी ओळखायची

मी ब्लाउज शिवते. पंचवीस वर्षं मशीनवर वाकल्यावर पाठ दुखणारच, हे मी धरूनच चालले होते. त्यामुळे उजव्या खवाट्याखाली कळ यायला लागली तेव्हा चार महिने मी तिला उसणच समजले; निघाले ते पित्ताशयातले खडे. बाम चोळला, शेक घेतला, पाठीचा एक्स-रे काढला. तो स्वच्छ आला. (बहुतेक पित्तखडे एक्स-रेत दिसतच नाहीत, हे नंतर कळलं.) ह्यांनी अंगठ्याने सगळी पाठ दाबून पाहिली, पण दुखरी जागा सापडेना. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती.

मशीनची पाठदुखी माझ्या ओळखीची आहे. वाकलं की वाढते, आडवं पडलं की उतरते, दाबलं की ‘हां, इथंच’ होतं. ही कळ तशी नव्हती. कूस बदला, उठून बसा, फेऱ्या मारा, तिला काही फरक नाही. रात्री यायची, चढायची, दोन-तीन तास तशीच ठाण मांडायची आणि आपोआप ओसरायची. सकाळी मी ठणठणीत. बेंबीच्या वर, बरगड्यांखाली आवळल्यासारखंही व्हायचं, पण पाठीपुढे त्याची कोण दखल घेतो!

म्हणून कुठे दुखतं यापेक्षा कधी दुखतं ते लिहा. मी मापांच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचे: किती वाजता, किती वेळ, आधी काय खाल्लं. पाच नोंदींत तीनदा लग्नाचं जेवण, एकदा मटण, एकदा भजी.

तेला-तुपाचं अन्न आतड्यात उतरलं की पित्ताशय आकसतं आणि पित्त बाहेर ढकलतं. खडा तोंडाशी अडकला की आत दाब वाढतो, कळ येते. पित्ताशय आहे उजव्या बरगड्यांखाली, यकृताला चिकटून. मग पाठ का? डॉक्टर म्हणाले, त्याच्या नसा छातीच्या साधारण पाचव्या ते नवव्या मणक्याच्या पातळीवर मज्जारज्जूत शिरतात आणि खवाट्याखालच्या कातडी-स्नायूंच्या नसाही तिथेच येतात. मेंदूला सवय पाठीच्या निरोपांची. दोन गिऱ्हाइकांचं कापड एकाच पिशवीत आलं, तर मीही ते रोजच्या गिऱ्हाइकाचंच समजेन.

आपल्याकडे शब्दही घोळ घालतात. ‘पित्त झालंय’ म्हणून मी आम्लपित्ताच्या गोळ्या खात होते. ते जठरातलं आम्ल, हे यकृतातलं पित्त. पुढे ‘खडा’ म्हटल्यावर शेजारणीने पानफुटीची पानं आणि कुळथाचं कढण आणलं. ते मुतखड्यासाठी देतात, आणि पित्ताशय लघवीच्या वाटेवर नाहीच.

वही घेऊन डॉक्टरांकडे जा. पोटाची सोनोग्राफी सांगतील, तिला सहा-आठ तास उपाशी जायचं. खडे दिसले म्हणजे दुखणं त्यांचंच असंही नाही, कितीतरी जणांचे खडे जन्मभर गप्प असतात. तिथेच वही कामाला येते.

मात्र काही वेळा वही बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा. कळ पाच-सहा तासांत उतरली नाही, हुडहुडी भरून ताप आला, उलट्या थांबेनात, डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद झाली, तर थांबू नका. छातीत दडपण, दम किंवा घाम असेल तर आधी ईसीजी. हृदयाची कळही पाठीत जाते.

माझं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. दुसऱ्या दिवशी उजवा खांदा ठणकायला लागला आणि मी घाबरले. पोट फुगवायला भरलेल्या वायूने श्वासपटल डिवचलं जातं आणि त्याची नस मानेतून येते, म्हणून दुखतो खांदा, असं डॉक्टर सांगत होते. तोवर ह्यांनी पिशवीतून बाम काढलासुद्धा.